नमाजीसमोरची तीन हात जागा

जुम्म्याची जमात, म्हणजे शुक्रवारची सामूहिक नमाज संपते. इमामसाहेब आधी उजवीकडे, मग डावीकडे मान वळवून सलाम फिरवतात, दुआ होते आणि सफा, म्हणजे नमाजींच्या रांगा, मोडायला लागतात. दुसऱ्या सफेतला एक जण घाईघाईनं उठतो. बिचारा दुकानाचं शटर अर्धं ओढून आलेला असतो. मागे वळतो आणि जागच्या जागी थबकतो. त्याच्या बरोबर मागचा माणूस सुन्नत नमाजसाठी, म्हणजे जमातीनंतर जो तो आपापली पढतो तिच्यासाठी, हात बांधून उभा राहिलाय. त्याच्या शेजारचाही. पलीकडे एक म्हातारबाबा रुकूत वाकलेत. मग हा पुन्हा खाली बसतो, खिशात थरथरणारा फोन बाहेरूनच दाबतो आणि दर थोड्या वेळानं खांद्यावरून मागे बघतो. झाली का यांची?

एका मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दोन पावलं टाकून गेला असता तर काय बिघडलं असतं?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा अर्धंच दिलं जातं. नमाज पढणाऱ्याच्या पुढून आडवं जाऊ नये, हे लहानपणापासून सगळ्यांना पाठ असतं. पढणाऱ्यानंही येण्याजाण्याच्या वाटेत, समोर काही न ठेवता उभं राहू नये, हा याच नियमाचा दुसरा अर्धा भाग. तो मात्र फारसा कुणाच्या लक्षात नसतो. माझ्या मते तोच आधी सांगायला हवा.

तरी सुरुवात पहिल्या भागापासूनच करू, कारण मशिदीत तोच ऐकू येतो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहांत, अबू जुहैम या सहाबींची (प्रेषितांच्या साथीदाराची) हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) म्हणाले, नमाजीच्या पुढून जाणाऱ्याला आपल्या माथी काय येतं हे कळलं असतं, तर पुढून जाण्यापेक्षा चाळीस थांबणं त्याला बरं वाटलं असतं. चाळीस काय? इथे हदीस पुढे पोचवणारे अबू नद्र प्रामाणिकपणे सांगतात की चाळीस दिवस म्हणाले, महिने म्हणाले की वर्षं, ते मला ठाऊक नाही. मला हा कबुलीजबाब फार आवडतो. आठवत नाही तर 'वर्षं' असं दणकून सांगून मोकळं होणं किती सोपं होतं! ऐकणाऱ्यालाही तेच जास्त भिववणारं वाटलं असतं. पण त्यांनी जागा कोरी सोडली आणि जवळजवळ तेराशे वर्षं ती तशीच कोरी आहे.

पुढून जाणं म्हणजे नेमकं कुठून? नमाजीच्या पायापासून सजद्यात कपाळ टेकतं तिथवर साधारण तीन हात जागा लागते. हात म्हणजे आपल्या जुन्या मापातलाच हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. तीन हात म्हणजे सुमारे दीड मीटर. या जागेतून आडवं जायचं नाही, एवढं सगळ्यांना मान्य आहे. पाठीमागून जायला काहीच हरकत नाही. वाद आहे तो या दीड मीटरच्या पुढे किती लांबपर्यंत सांभाळायचं, याचा. त्याकडे नंतर येऊ.

आता दुसरा भाग. नमाज पढणाऱ्यानं आपल्यासमोर जी वस्तू ठेवायची, तिला सुतरा म्हणतात. आपल्या 'सूत्रा'शी त्याचा काही संबंध नाही. मूळ अरबी धातूचा अर्थ झाकणं, आड करणं. सुतरा म्हणजे आडोसा. त्याची उंची किती असावी, याचं उत्तर त्या काळच्या प्रवाशाला साजेसं आहे. उंटाच्या खोगिराला मागे टेकायला जो दांडा असतो तेवढी, म्हणजे हातभर किंवा त्याहून थोडी कमी. आडोसा म्हटलं तरी भिंत अपेक्षित नाही, खूण अपेक्षित आहे. इथपर्यंत माझी जागा, यापलीकडून खुशाल जा.

त्यामुळे सुतऱ्याची यादी चांगलीच घरगुती आहे. ईदची नमाज उघड्या मैदानात असायची, तेव्हा प्रेषितांसमोर एक आखूड भाला रोवला जायचा. प्रवासात ते स्वतःचा उंट आडवा बसवून त्याच्याकडे तोंड करून नमाज पढत. मदिनेच्या मशिदीत मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजच्या अजाननंतर मोठमोठे सहाबी खांब गाठायला लगबग करायचे, असं अनस हे सहाबी सांगतात. खांब म्हणजे आयता सुतरा, आणि तो पहिल्यांदा जाईल त्याचा. दुसरे खलिफा हजरत उमर यांना एक जण दोन खांबांच्या मधोमध नमाज पढताना दिसला, तेव्हा त्यांनी त्याला एका खांबाजवळ आणून उभं केलं आणि याच्याकडे तोंड करून पढ म्हणाले. त्यांचे चिरंजीव इब्ने उमर यांना खांब मिळाला नाही, तर ते आपला शिष्य नाफे याला सांगायचे, पाठ कर माझ्याकडे. माणसाची पाठ हाही सुतरा झाला.

सुतरा ठेवला की त्याच्या जवळ उभं राहायचं, ही त्यातली खरी मेख. प्रेषितांची सजद्याची जागा आणि समोरची भिंत यांच्यामध्ये एक बकरी जाईल एवढंच अंतर असायचं, असं सहल बिन साद सांगतात. भिंतीपासून दहा पावलं मागे उभं राहायचं आणि मधल्या सगळ्या जागेवर हक्क सांगायचा, असं चालत नाही. आमच्याकडे नेमकं हेच होतं. जमात संपल्यावर पुढच्या सफा रिकाम्या असतात, भिंत मोकळी असते, आणि भला माणूस ऐन दरवाजापाशी पंख्याखाली सुन्नत पढायला उभा राहतो. मग निम्मी मशीद अडकते.

बकरीवरून आठवलं. एकदा प्रेषित भिंतीकडे तोंड करून नमाज पढत होते आणि एक कोकरू पुढून जायला बघत होतं. ते त्याला अडवत पुढे सरकत गेले, सरकता सरकता त्यांचं पोट भिंतीला टेकलं, आणि कोकरू शेवटी मागून गेलं. यात ओरडणं नाही, नमाज मोडणं नाही. कुणी पुढून जात असेल तर काय करायचं, याचं याहून चांगलं चित्र मला माहीत नाही.

माणसांच्या बाबतीत प्रकरण जरा तापलं होतं. एका शुक्रवारी अबू सईद खुदरी हे सहाबी समोर सुतरा ठेवून नमाज पढत होते. बनू अबी मुऐत घराण्यातला एक तरुण त्यांच्या आणि सुतऱ्याच्या मधून जायला लागला. त्यांनी छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं. त्याला दुसरी वाट दिसेना, तो पुन्हा आला. या वेळी त्यांनी जास्त जोरानं ढकललं. तरुण चिडला, बरंवाईट बोलला आणि थेट मरवानकडे, म्हणजे मदिनेच्या अधिकाऱ्याकडे तक्रार घेऊन गेला. मागोमाग अबू सईदही पोचले. मरवाननं विचारलं, तुमचं आणि तुमच्या या पुतण्याचं काय बिनसलं? तेव्हा त्यांनी हदीस ऐकवली. कुणी सुतरा ठेवून नमाज पढत असेल आणि दुसरा मधून जाऊ लागला, तर त्याला अडवावं. ऐकलं नाही तर त्याच्याशी भिडावं, कारण तो सैतान आहे.

शब्द कडक आहेत. पण वाक्याची सुरुवात विसरू नका: सुतरा ठेवून नमाज पढत असेल तर. ज्यानं आपली जागा आखून घेतली, त्यालाच अडवण्याचा हक्क. आणि 'भिडावं' याचा अर्थ हाणामारी असा जुन्या अभ्यासकांनी घेतलेला नाही. हत्यार चालणार नाही, जागा सोडून त्याच्या मागे जायचं नाही, यावर काझी इयाज यांनी सर्वांचं एकमत नोंदवलं आहे. इस्लामी धर्मशास्त्राच्या चार सुन्नी पंथांपैकी (हनफी, मालिकी, शाफई, हंबली) हनफी पंथात तर ढकलण्याची फक्त मुभा आहे, ते न करणं बरं. हातानं इशारा करावा किंवा पुरुषानं जरा मोठ्यानं 'सुबहानल्लाह' म्हणावं. बाईनं एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताच्या पाठीवर थाप द्यावी.

पुढून कुणी गेलं तर नमाज तुटते का? बहुतेकांना वाटतं, तुटते. हनफी, मालिकी आणि शाफई या तिन्ही पंथांचं उत्तर आहे, नाही. दोष जाणाऱ्याच्या खात्यावर, नमाज पढणाऱ्याची नमाज शाबूत. पण अबू जर यांच्याकडून आलेल्या एका हदीसमध्ये समोर सुतरा नसेल तर गाढव, बाई आणि काळा कुत्रा यांच्यामुळे नमाज तुटते असं आहे, आणि हंबली पंथाचे इमाम अहमद यांनी त्यातला काळा कुत्रा धरला. बाकी दोहोंबद्दल माझ्या मनात काहीतरी खटकतं, असं ते म्हणाले.

खटकण्याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा. त्यांच्यासमोर हा विषय निघाला तेव्हा त्या भडकल्या. तुम्ही आम्हाला कुत्र्या-गाढवांच्या पंगतीला बसवलंत! आणि मग त्यांनी आपल्या घरातली रात्र सांगितली. खोली इतकी लहान, की प्रेषित नमाज पढायचे तेव्हा त्या त्यांच्या आणि किब्ल्याच्या, म्हणजे नमाजला तोंड करायच्या काब्याच्या दिशेच्या, मधे आडव्या झोपलेल्या असायच्या. सजद्यात जायच्या वेळी ते हातानं स्पर्श करायचे, त्या पाय जवळ घ्यायच्या. ते उठले की पुन्हा पसरायच्या. आणि पुढे एक वाक्य: तेव्हा घरांमध्ये दिवे नव्हते. काळोखातली ती खोली, आखडून घेतलेले पाय, यापुढे कुणाचा युक्तिवाद टिकणार? काही अभ्यासक झोपणं वेगळं आणि आडवं जाणं वेगळं, असा फरक करतात. त्यांना ती मुभा आहे. मी आयेशांच्या बाजूनं.

आता पंथांतला फरक. हा महाराष्ट्रात सरळ नकाशावर दाखवता येतो. कोकणी मुसलमान बहुतांश शाफई. घाट चढून वर आलात की देश, मराठवाडा, खानदेश बहुतेक हनफी. मी रत्नागिरीकडच्या शाफई घरात वाढलो आणि शिकायला पुण्यात आलो. घरी आम्हाला शिकवलं होतं की भिंत नसेल, काठीही नसेल, तर जायनमाज, म्हणजे नमाजची सतरंजी अंथरली तरी सुतऱ्याचं काम भागतं. जायनमाजची पुढची कड ती आपली हद्द. शाफई फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, हा क्रम स्पष्ट आहे: भिंत किंवा खांब, ते नसेल तर रोवलेली काठी, ते नसेल तर अंथरलेली जायनमाज, आणि काहीच नसेल तर जमिनीवर ओढलेली रेघ. रेघेची हदीस अनेकांच्या मते कमजोर आहे, पण अगदीच काही नसण्यापेक्षा रेघ बरी.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात मी एका मशिदीत कुणाच्या तरी जायनमाजच्या कडेपलीकडून निवांत चालत गेलो. माझ्या हिशेबानं मी हद्दीबाहेर होतो. सलाम फिरवल्यावर त्या गृहस्थांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या ताटावरून उडी मारली. हनफींकडे सुतरा हातभर उंच आणि निदान बोटाएवढा जाड हवा. सपाट जायनमाज तिथे गणतीत नाही. वर मशीद लहान असेल, म्हणजे साधारण चाळीस हातांपेक्षा कमी, तर सुतऱ्याशिवाय पढणाऱ्याच्या पुढे पार किब्ल्याच्या भिंतीपर्यंत कुठूनच जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या मशिदीत किंवा मैदानात सवलत आहे: सजद्याच्या जागेवर नजर ठेवून उभं राहिलं की सहज जिथवर दिसतं, तेवढी जागा सोडायची. हल्ली ढोबळमानानं दोन सफांचं अंतर सांगतात. शाफईंचा हिशेब उलट टोकाचा. सुतरा तीन हातांच्या आत असेल तर मधून जाणं हराम. पण सुतराच नसेल तर जाणारा हराम करत नाही आणि पढणाऱ्याला त्याला ढकलायचा हक्कही नाही. आधी स्वतःची जागा आखा, मग बोला.

चूक कुणाची, हे ठरवायला मालिकी विद्वानांनी एक छान तोडगा काढला आहे. जाणाऱ्याला दुसरी वाट होती आणि पढणारा नीट आडोशाला होता, तर दोष जाणाऱ्याचा. पढणारा भर वाटेत सुतऱ्याशिवाय उभा होता आणि जाणाऱ्याला दुसरी वाटच नव्हती, तर दोष पढणाऱ्याचा. तो वाटेत उभा होता पण दुसरी वाट मोकळी असूनही हा पुढूनच गेला, तर दोघांचा. पढणारा आडोशाला होता आणि तरी जाणाऱ्याचा खरोखर नाइलाज होता, तर कुणाचाच नाही. म्हणून दरवाजात, जिन्याच्या तोंडाशी किंवा वुजूखान्याच्या (नमाजआधी हातपाय धुण्याच्या जागेच्या) वाटेवर नमाजला उभं राहणाऱ्यानं नंतर डोळे वटारू नयेत.

जमात चालू असताना मात्र हा सगळा हिशेब वेगळा. इमामाचा सुतरा तोच मागच्या सगळ्यांचा सुतरा. याचा आधार इब्ने अब्बास यांची आठवण. ते वयात येऊ घातलेले होते. प्रेषित मक्केजवळ मिना इथे जमातीला उभे होते, समोर भिंत नव्हती. हा पोरगा गाढवीवर बसून आला, सफेच्या काही भागापुढून तसाच गेला, उतरला, गाढवीला चरायला सोडलं आणि सफेत शिरला. कुणी एका शब्दानं टोकलं नाही. त्यामुळे जमातीत पुढच्या सफेत जागा रिकामी दिसली, तर मागच्या लोकांपुढून जाऊन ती भरता येते. ज्यांनी ती रिकामी सोडली, त्यांनीच वाट करून दिली, असं हनफी म्हणतात.

मक्केत गेलेल्यांना हा प्रश्न हमखास पडतो. मस्जिदे हराममध्ये तवाफ, म्हणजे काब्याभोवतीच्या फेऱ्या, जवळजवळ चोवीस तास चालू, माणसांचा पूर थांबत नाही, आणि त्यातच कुणी दोन रकात (नमाजची दोन आवर्तनं) पढायला उभा राहतो. तिथे पुढून न जाण्याचा नियम शब्दशः पाळायचा म्हटलं तर कुणालाच हलता येणार नाही. हंबली विद्वानांनी मक्केत पुढून जायला मोकळीक दिली आहे, बाकी पंथांतही गर्दीच्या नाइलाजाला सवलत आहे. हजहून आलेले लोक गावच्या मशिदीतही तीच सवय पुढे चालवतात, ते मात्र बरोबर नाही. आपल्या मोहल्ल्यात तवाफ नसतो.

मुसलमान नसलेल्या वाचकासाठी गोष्ट अगदी सोपी आहे. ऑफिसात, गाडीत किंवा फलाटाच्या कोपऱ्यात कुणी नमाज पढताना दिसलं तर शक्यतो त्याच्या पाठीमागून जा. पुढूनच जावं लागलं, तर त्याची सतरंजी सोडून चार पावलं लांबून जा. त्याच्यापुढे बॅग, खुर्ची किंवा पाण्याची बाटली ठेवलेली असेल तर ती उचलून बाजूला करू नका, ती सांडलेली नाही, ठेवलेली आहे. तिच्यापलीकडून बिनधास्त जा. हाक मारू नका. तो उत्तर देणार नाही, त्यात राग नसतो. आणि न कळत पुढून गेलातच तर काही मोडत नाही. लहान मूल पुढून रांगत गेलं तरी तेच. प्रेषितांनी तर आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढली होती. सजद्यात जाताना खाली ठेवायचे, उठताना पुन्हा घ्यायचे.

राहता राहिला दुसऱ्या सफेत अडकलेला आपला दुकानदार. त्याला दोन मार्ग आहेत, आणि दोन्ही मला पुण्याच्या त्याच मशिदीतल्या एका चाचांनी सांगितले.

पहिला असा, की हनफींच्या दृष्टीनं पुढून जाणं म्हणजे एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूला आडवं पार होणं. जो आधीपासूनच नमाजीच्या समोर बसलेला आहे, तो उठून डावीकडे किंवा उजवीकडे निघून गेला तर त्याला 'गुजरना' म्हणत नाहीत, नुसतं बाजूला होणं म्हणतात. म्हणजे मागे फक्त एकच माणूस पढत असेल तर खुशाल उठावं आणि बाजूला सरकावं. पंचाईत होते ती शेजारीही कुणी पढत असेल तेव्हा, कारण एकासमोरून बाजूला झालात की दुसऱ्याच्या पुढून पार होता.

त्यासाठी दुसरी युक्ती, जुन्या हनफी ग्रंथांतली. पण तिला दोन माणसं लागतात. एक जण नमाजीच्या समोर त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे स्वतःच सुतरा होतो. दुसरा त्याच्यापलीकडून निघून जातो. मग पहिला बाजूला होतो आणि दुसरा परत येऊन त्याच्या जागी पाठ करून उभा राहतो. आता पहिला पलीकडून जातो, आणि शेवटी सुतरा झालेला जिकडून आला होता तिकडेच सरकतो. चाचांनी मला हे चपला आणि दोन टोप्या मांडून दाखवलं. तिसऱ्या खेपेला मला समजलं. तोवर मागच्या माणसाची सुन्नत कधीच आटोपली होती आणि तो आमच्याकडे बघत उभा होता.